फुकट मिळाले तरी नको?
स्वस्त आणि वेगवान प्रोसेसर (संगणकाची मुख्य चिप) ज्याचा, त्याचाच माल संगणक कंपन्या घेणार, असं म्हणतात, पण ते अर्धंच पटतं. एका प्रोसेसरची किंमत बघून फारसं कळत नाही, सगळ्या खरेदीवर मिळणारी सूट बघावी लागते. युरोपियन युनियनमध्ये स्पर्धेचे नियम राबवणाऱ्या युरोपियन कमिशनने 2009 मध्ये प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलला 106 कोटी युरोंचा दंड केला, त्या निर्णयातलं एक उदाहरण भन्नाट आहे. इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी, तिने एका संगणक कंपनीला 10 लाख प्रोसेसर चक्क फुकट देऊ केले होते. कंपनीने घेतले फक्त 1 लाख 60 हजार! कारण सगळे घेतले असते, तर इंटेलकडून येणाऱ्या बाकीच्या लाखो प्रोसेसरवरची सूट गेली असती आणि हिशेब तोट्यात गेला असता. म्हणजे एएमडीने किंमत शून्यावर आणूनही उपयोग नव्हता. कारण कितीही केलं तरी त्यांच्या एकट्याच्या मालावर कंपनीचं भागणार नव्हतं, इंटेलकडून बराच माल घ्यावाच लागणार होता.

पुढे कोर्टात मात्र सवलतींबद्दलचा भाग टिकला नाही. त्यांचा स्पर्धेवर काय परिणाम झाला याचं कमिशनचं विश्लेषण अपुरं ठरवून 2022 मध्ये तो दंड रद्द झाला. एएमडीचे प्रोसेसर असलेले संगणक उशिरा आणण्यासाठी किंवा त्यांची विक्री मर्यादित ठेवण्यासाठी इंटेलने संगणक कंपन्यांना थेट पैसे दिल्याचा ठपका तेवढा राहिला, आणि त्यासाठी 2023 मध्ये सुमारे 37.6 कोटी युरोंचा दंड नव्याने लावला गेला. बेंचमार्कच्या, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाची तुलना करणाऱ्या चाचण्यांच्या तक्त्यात यातलं काहीच दिसत नाही.