बी इमारतीतील डेंग्यू : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. बी इमारतीत गेल्या दहा दिवसांत डेंग्यूचे तीन रुग्ण आढळले असून त्यांपैकी एक लहान मुलगी रुग्णालयात दाखल आहे. तिची प्रकृती आता स्थिर आहे. पुढे काय करावे, याबद्दल सर्वांनी मते मांडावीत. आज या ग्रुपवर इतर विषयांचे संदेश पाठवू नयेत, ही विनंती.

ए-३०२ : महापालिकेकडून तातडीने धूरफवारणी करून घ्यावी. आपण सगळे वेळेवर कर भरतो, तेव्हा निदान एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नसावी.

बी-१०४ (निवृत्त आरोग्य निरीक्षक) : धूरफवारणीला माझा विरोध नाही, कारण रुग्ण सापडल्यावर त्याच्या घराभोवतीचे उडते डास मारण्यासाठी ती करावीच लागते. परंतु धुराने पाण्यातली अळी मरत नाही, आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यापासून नवा डास तयार होतो, त्यामुळे आज धूर झाला तरी पुढच्या आठवड्यात आपण होतो तिथेच येतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, तर घरातल्या आणि घराभोवतीच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तो दिवसा चावतो आणि सहसा जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाही. म्हणजे बी इमारतीतल्या लोकांना चावलेला डास बहुधा आपल्याच आवारात जन्मलेला आहे. त्याची अंडी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून पाणी नुसते ओतून न देता भांडे काथ्याने घासावे लागते.

मी नोकरीत असताना हातात बॅटरी आणि लांब दांड्याचे पांढरे ओगराळे घेऊन दारोदार फिरलो आहे. त्या कामातली खरी अडचण औषधाची नसते, बंद दारांची असते. काल मी फाटकावरची नोंदवही पाहिली. गेल्या महिन्यात महापालिकेचे कर्मचारी आपल्याकडे दोनदा येऊन गेले आणि ६४ घरांपैकी केवळ १९ घरांनी त्यांना आत घेतले. याचे मला मनापासून वाईट वाटते.

बी-४०३ : रुग्णालयात असलेली मुलगी माझीच आहे. आमचे घर रोज पुसले जाते, त्यामुळे डास आमच्याकडे होणार नाहीत अशी माझी समजूत होती. परवा आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी फ्रिज पुढे ओढून मागचा ट्रे दाखवला. त्यात बोटभर पाणी होते आणि त्यात अळ्या डोके खाली करून लटकलेल्या होत्या. मोबाइलचा उजेड पडताच त्या वळवळत तळाशी गेल्या. मावशींच्या वस्तीत आशाताई घरोघर जाऊन पाण्याची पिंपे तपासतात, त्यांच्याकडून मावशी हे शिकल्या. माझ्या घरातले जे मला दिसले नाही, ते त्यांना दिसले.

सी-२०१ (डॉक्टर) : ताई, मुलगी लवकर बरी होईल. सर्वांसाठी तीन गोष्टी लिहितो. ताप आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (रक्तातले डेंग्यू विषाणूचे प्रथिन शोधणारी) तपासणी उपयोगी पडते आणि त्यानंतर प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरू लागला की घरचे निर्धास्त होतात, पण पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या किंवा रक्तस्राव ही धोक्याची लक्षणे बहुधा त्याच एक-दोन दिवसांत दिसतात.

शिवाय तापाच्या दिवसांत रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवावे. रुग्णाला चावलेला डासच पुढे हा आजार दुसऱ्याला देतो, त्यामुळे ती मच्छरदाणी शेजाऱ्यांसाठीही असते. आम्ही डॉक्टर आणि प्रयोगशाळा रुग्णाची माहिती महापालिकेला कळवतो. ती कळवली नाही, तर पथक येणार कुठे?

ए-५०१ : माहिती कळवण्यास हरकत नाही, परंतु रुग्णाचे नाव ग्रुपवर येऊ नये. गेल्या वर्षी आमच्या घरी रुग्ण असताना लोकांनी लिफ्टमध्ये आमच्याशी बोलणे टाळले होते.

सचिव : आपले म्हणणे योग्य आहे. यापुढे ग्रुपवर फक्त इमारतीचा उल्लेख होईल.

सी-३०५ : मूळ कारण शेजारचे बांधकाम आहे. तिथल्या मजुरांमुळेच आजार आपल्याकडे येत आहे.

बी-१०४ : हे मला मान्य नाही, आणि ते स्पष्टपणे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. नव्या स्लॅबवर पाणी साठवून ठेवण्याचा निर्णय मजुरांचा नसतो; उलट डास सर्वांत आधी त्यांनाच चावतो आणि तापात रोजची मजुरी बुडते म्हणून ते दवाखान्यातही उशिरा जातात. मी आज तिथल्या सुपरवायझरना भेटलो. दर रविवारी पिंपे रिकामी करून घासण्यास आणि लिफ्टच्या खड्ड्यातले पाणी उपसण्यास ते तयार आहेत. तापाच्या मजुरांना महापालिकेच्या दवाखान्यात पाठवण्याचेही त्यांनी कबूल केले आहे.

एकमेकांना दोष देण्यापेक्षा सर्वांनी साथ दिली की काय होते, याचे आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले, रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले आणि राज्यातला झिका या विषाणूजन्य आजाराचा पहिला रुग्ण उघडकीस आला. गावकऱ्यांनी रक्त दिले, आरोग्य कर्मचाऱ्यांनी ते गोळा केले आणि शास्त्रज्ञांनी ते तपासले. यातला एकही दुवा निसटला असता, तर साधा ताप म्हणून सगळे सोडून दिले गेले असते. पुढे २०२४ मध्ये पुणे शहरातही झिका आढळला. तोही याच डासामुळे पसरतो आणि गर्भातल्या बाळाला त्याचा धोका असतो. आपल्या सोसायटीत दोन गरोदर भगिनी आहेत.

ए-३०२ : काका, आपले म्हणणे पटले. त्या १९ घरांत आमचे घर नव्हते. बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या आजच घासून पालथ्या ठेवतो आणि ए इमारतीत घरोघर जाण्याची जबाबदारी मी घेतो.

सचिव : तर मग येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी १० वाजता सर्व घरांत कोरडा दिवस, म्हणजे साठलेले पाणी ओतून भांडी घासण्याचा दिवस, पाळला जाईल. गच्चीवरच्या टाक्यांच्या ओव्हरफ्लो पाइपांना जाळ्या बसवण्याचे काम प्लंबरना दिले आहे. महापालिकेचे पथक आल्यास समितीचा एक सदस्य त्यांच्यासोबत फिरेल. सुरक्षारक्षकांच्या खोलीला जाळी नाही आणि ते दिवसभर तिथेच बसतात, म्हणून जाळीचा खर्च समितीने मंजूर केला आहे. बंद घरांच्या किल्ल्यांचा प्रश्न मात्र बाकी आहे.

बी-६०१ : नमस्कार, मी सध्या दुबईत असून घर मार्चपासून बंद आहे. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे. निरीक्षक काकांनी आणि सचिवांनी कृपया आत जाऊन पाहावे, माझी पूर्ण संमती आहे.

बी-१०४ : आत्ताच पाहून आलो. कमोडचे झाकण आपण बंद करून गेलात, हे उत्तम केले. बाल्कनीतल्या निळ्या बादलीत पावसाचे पाणी साचून अळ्या झाल्या होत्या. पाणी मातीत ओतले, बादली घासून पालथी ठेवली आणि किल्ली काकूंना परत दिली.