इंग्रजी शब्द व्याख्या आणि उदाहरणं वाचून शिकलात का? अनुभव लिहा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं, २००० पासून राज्यात पहिलीपासून आलं, पण शब्द शिकवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी तीच राहिली, म्हणजे डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि करा पाठ. पोरं दहापैकी दहा मार्क आणतात आणि त्यातलाच शब्द वाक्यात वापर म्हटलं की गप्प. म्हणून मी आता फळ्यावर सोपी इंग्रजी व्याख्या आणि दोन-तीन उदाहरणं लिहिते, अर्थ पोरांनीच शोधायचा. वर्ग बोलायला लागलाय! तुमच्यापैकी कोणी असं शिकलं असेल, नोकरीत, परदेशात, मोठेपणी, तर सविस्तर लिहा. जमलं नसेल तर तेही लिहा, मला वर्गासाठी खरंच हवंय.

*

ताई, फार छान विषय काढलात. मी कोल्हापूरची, नर्सिंग करून इंग्लंडला आले. मेडिकलचे शब्द सगळे येत होते, शिक्षणच इंग्रजीत झालेलं, अडायचं ते पेशंटच्या साध्या बोलण्यात. आपल्याकडे दुखण्याला किती शब्द आहेत बघा, ठणकतंय, चुरचुरतंय, कळ येते, चमक भरते, आणि इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला की जवळजवळ सगळ्यांपुढे आपलं 'वेदना'. मग मी इंग्रजी-इंग्रजी बघायला लागले. थ्रॉबची व्याख्या वाचली तर ठोके पडल्यासारखं, एका लयीत येणारं दुखणं, उदाहरणात डोकं थ्रॉब होत होतं, म्हणजे हे आपलं ठणकणं की! स्टिंगच्या उदाहरणात डोळ्यांत गेलेला धूर, म्हणजे चुरचुरणं, झोंबणं. शूटिंग पेन म्हणजे सळकन जाणारी कळ. सोअर मात्र घशालाही चालतं आणि व्यायाम करून अंग आंबतं त्यालाही, तिथे एकच मराठी शब्द शोधत बसले असते तर बसलेच असते, उदाहरणं चार वाचली आणि अंदाज आला. रात्रपाळीत एखाद्या आजी पाय धरून 'इट्स थ्रॉबिंग, लव्ह' म्हणाल्या की नोंदीत नेमकं तेच जायला हवं, डॉक्टर त्यावरूनही पुढचं ठरवतात. तुमच्या मुलींपैकी कोणी नर्सिंगला जाणार असेल तर हे शब्द आत्तापासूनच करून घ्या, खूप उपयोगी पडतील.

*

मराठी मिडियम, लातूर, मग पुण्यात इंजिनिअरिंग. अप्पा बळवंत चौकातून जुनी ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स घेतली होती. ही डिक्शनरी मुळात हॉर्नबी नावाच्या जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने तयार केली, १९४२ ला जपानमध्येच निघाली आणि १९४८ ला ऑक्सफर्डने छापली, म्हणजे ती पहिल्यापासून आपल्यासारख्यांसाठीच आहे, म्हणूनच तिच्यात शब्द वाक्यात कसा बसतो ते दाखवलेलं असतं. डिस्कस घ्या. मराठीत आपण 'त्याबद्दल चर्चा करू' म्हणतो म्हणून ऑफिसात सर्रास 'डिस्कस अबाउट' चालतं, उदाहरणं वाचली की सगळीकडे सरळ 'डिस्कस द प्रॉब्लेम'. एक्सप्लेनचंही तेच, 'एक्सप्लेन मी' कुठेच नाही, कायम 'एक्सप्लेन इट टू मी'. माझ्या मते व्याख्येपेक्षा उदाहरणं जास्त महत्त्वाची, व्याख्या एकदा वाचा, उदाहरणं मोठ्याने परत परत.

*

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. तालुक्याच्या वाचनालयात काम करतो, पोरं डिक्शनरी मागायला येतात. सगळंच इंग्रजीतून समजावायचा हट्ट नको. कोरिअँडरची व्याख्या काय, तर जिची पानं आणि बिया स्वयंपाकात वापरतात अशी वनस्पती. आता त्यावरून मेथी समजायची का कोथिंबीर? तिथे सरळ 'कोथिंबीर, धने' लिहा आणि पुढे चला. भाज्या, पक्षी, हत्यारं यांना मराठीच बरं. रिलक्टंट, अव्हॉइड, मॅनेज असले शब्द आले की तुमची पद्धत, तिथे मात्र तिला तोड नाही.

दुसरं, मोठी जाडजूड डिक्शनरी पोरांना देऊ नका, एका शब्दापायी आणखी तीन अडतात आणि पोरगं पुस्तक मिटून ठेवतं. लाँगमनने १९७८ च्या डिक्शनरीत व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांत बसवल्या, तसली द्या. ही कल्पना त्याआधीची, मायकेल वेस्टने १९३५ च्या डिक्शनरीत केलेली, आणि तो आपल्या उपखंडात, ढाक्याला शिक्षणाच्या कामात बरीच वर्षं होता. कोबिल्ड म्हणून आहे १९८७ ची, तिच्यात व्याख्याच पूर्ण वाक्यात, 'इफ यू...' अशी सुरुवात करून, त्यामुळे शब्द कुणाबद्दल, कशाबरोबर येतो ते व्याख्येतच कळतं. सातवीच्या पोरांना ती आवडते, मी बघितलंय.

*

वाचनालयवाल्या दादांचं पटलं. मी गोव्यात हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे. नवीन पोरांना शिकवताना माइंड हा शब्द मी नुसता अर्थ सांगून शिकवतच नाही, कारण पाहुणा 'वुड यू माइंड वेटिंग?', म्हणजे थांबायला तुमची हरकत आहे का, असं म्हणाला आणि आपण आनंदाने 'येस' म्हटलं की तो नकार झाला, तिथे 'नॉट ॲट ऑल' म्हणायचं असतं, आणि हे प्रश्न-उत्तराची जोडी बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही. ताई, फळ्यावर एकेकटं वाक्य लिहिता तिथे अशा शब्दांना दोघांचं बोलणं लिहा, एक पोरगा पाहुणा, एक रिसेप्शनवर, आणि जागा बदलून परत.