ईस्टर बास्केटमध्ये कँडी कमी करायची तर भरायचं काय? तुमचे अनुभव लिहा

मंडळी, यंदा ईस्टर ५ एप्रिलला आलाय, आणि व्हॅलेंटाइनची लाल चॉकलेटं दुकानातून हलली त्या दिवसापासून गुलाबी-पिवळ्या सशांच्या रांगा लागल्यात. आपल्यातल्या काही घरांत ईस्टर हा खरा सण आहे, चाळीस दिवसांच्या उपासानंतर आलेला, आणि बऱ्याच घरांत तो शाळेतून, शेजाऱ्यांकडून, लायब्ररीच्या एग हंटमधून (आत खाऊ भरलेली प्लास्टिकची अंडी लपवतात आणि मुलं ती शोधतात) शिरलाय, पण मुलांसाठी खाऊ-खेळण्यांची बास्केट दोन्हीकडे भरावीच लागते. आणि ती एक नसते ना! डेकेअरची पिशवी येते, शेजारच्या आजी देतात, पार्कातल्या हंटमधली अंडी असतात, वर घरची. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मते २ ते १८ वयाच्या मुलांना दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी अ‍ॅडेड शुगर (वरून घातलेली साखर) जायला हवी, म्हणजे जेमतेम सहा चमचे, आणि २ वर्षांखाली अजिबात नको. पाकिटामागे अ‍ॅडेड शुगर्सची वेगळी ओळ असते, तो आकडा चारने भागला की चमचे कळतात. एकदा करून बघा, आपण काय भरतोय ते लगेच समजतं.

मला याद्या नकोयत, त्या ढिगाने मिळतात. तुमच्या घरी काय भरलं, मूल केवढं होतं, आणि मुख्य म्हणजे महिन्याभराने त्यातलं काय अजून त्याच्या हातात दिसत होतं ते लिहा. कँडी काढून तेवढ्याच पैशात प्लास्टिकचा कचरा भरणं हा उपाय नाही असं माझं ठाम मत आहे.

मीच सुरुवात करते. माझी लेक सहा वर्षांची. तिला अंड्यात काय आहे यापेक्षा अंडं सापडण्याची मजा जास्त असते, हे मी तिच्याकडे नीट बघत बसले तेव्हा लक्षात आलं. म्हणून २४ तुकड्यांचं एक जिगसॉ पझल आणते आणि एकेका अंड्यात एकेक तुकडा घालते. सगळी अंडी सापडल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही, त्यामुळे हंट लांबते, आणि नंतर ती जमिनीवर बसून जोडत राहते. पालकांसाठी सूचना एवढीच की कुठे काय लपवलंय ते कागदावर लिहून ठेवा, शेवटचा तुकडा हवाच असतो. (न्यू जर्सी)

बॉस्टनजवळ, दोन मुलग्यांचा बाबा

आम्ही बास्केटच घेत नाही. जी वस्तू उन्हाळ्यासाठी तशीही घ्यायची असते तीच बास्केट. एका वर्षी वाळूत खेळायची बादली, एका वर्षी नवीन सायकल हेल्मेट उलटं ठेवून त्यात सामान, धाकट्याला एकदा पाणी घालायची झारी. आत दोरीच्या उड्यांची दोरी, रस्त्यावर चित्रं काढायचे जाडे खडू, साबणाच्या फुग्यांची बाटली, आणि पतंग. इथे मार्च-एप्रिलमध्ये वारा सुटलेला असतो आणि चार महिने घरात कोंडलेली पोरं नुसती बाहेर पडायला टपलेली असतात, त्यामुळे त्यांना बाहेर काढणारी वस्तू दिली की ती वापरली जातेच. खडू पावसाने पुसले जातात आणि परत चित्रं निघतात, दोरी अजून चालू आहे. पोहण्याचा गॉगल पण चांगला, पण तो आतमध्ये दिवाळीच्या फराळासारखा झाकून ठेवावा लागतो, नाहीतर त्याच क्षणी बाथटबात जातात.

डॅलस, मी डेंटिस्ट आहे आणि दोन मुलांची आई

इथे बहुतेकजण कँडीच्या जागी मनुका, फ्रूट लेदर (आंबापोळीसारख्या फळांच्या पोळ्या), फळांच्या रसाचे गमीज (चिवट, चघळायच्या गोळ्या) वगैरे सुचवतील म्हणून आधीच लिहिते. दाताला किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली आणि ती किती वेळ चिकटून राहिली हे जास्त महागात पडतं. तोंडातले जंतू साखर खातात, अ‍ॅसिड तयार करतात, आणि लाळेला ते पूर्ववत करायला साधारण अर्धा तास तरी लागतो. मूल दर वीस मिनिटांनी एकेक गमी तोंडात टाकत असेल तर दाताला उसंतच मिळत नाही. मग ते ऑरगॅनिक असो की त्यावर फळाचं चित्र असो, आणि फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट (आटवलेला रस) घातलेलं असेल तर तीही अ‍ॅडेड शुगरमध्येच धरली जाते, चित्रावर जाऊ नका. माझ्या मते एक साधा छोटा चॉकलेटचा ससा, जेवणानंतर एकाच बैठकीत खाल्लेला, हा दिवसभर चघळायच्या मनुकांपेक्षा बरा, कारण चॉकलेट विरघळून निघून जातं.

खायचं ठेवायचंच असेल तर मी चीजच्या काड्या ठेवते (फ्रिजमधून हंटच्या आधी काढून), छोटी संत्री ठेवते, मोठ्या मुलीला खारे पिस्ते. संत्र्यांवर मुलं आदल्या दिवशी मार्करने सालीवर पिल्लाची तोंडं काढतात, ते त्यांचं फार आवडीचं काम आहे. आणि हो, बास्केटमध्ये नवीन टूथब्रश असतोच, त्यांच्या आवडीच्या रंगाचा, तो त्यांना खरंच आवडतो कारण तो दर वर्षी अंड्यांबरोबर येतो.

सिअ‍ॅटल

माझ्या मुलाला शेंगदाणा, काजू आणि अंडं या तिन्हीची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्न ‘हेल्दी’चा नाही, जिवाचा आहे. सगळ्यांना एक गोष्ट सांगते जी अ‍ॅलर्जी नसलेल्या घरांना माहीत नसते: एखादं चॉकलेट वर्षभर मुलाला चालतं म्हणून त्याचंच अंड्याच्या किंवा सशाच्या आकाराचं सणाचं पाकीट चालेल असं नसतं, ते वेगळ्या मशीनवर बनलेलं असू शकतं आणि घटक पण बदलतात, त्यामुळे दर वेळी लेबल वाचायचं. आणि हंटच्या अंड्यात सुटी कँडी असते तिला लेबलच नसतं. २०२३ पासून तीळही अमेरिकेत नववा मुख्य अ‍ॅलर्जन म्हणून लेबलवर लिहावा लागतो, तेही बघत जा.

आम्ही अदलाबदल करतो. हंटमध्ये जे मिळेल ते मिळू दे, घरी आल्यावर तो सगळी अंडी माझ्या स्वाधीन करतो आणि त्याबदल्यात एक सोनेरी अंडं घेतो, त्यात त्याने आधी निवडलेली वस्तू असते. त्याला काही गमावल्यासारखं वाटत नाही कारण निवड त्याची असते. हॅलोविनला निळसर हिरवा भोपळा दाराशी ठेवून ‘आमच्याकडे खाऊ नसलेली भेट आहे’ असं कळवतात ना, तसं आमच्या गल्लीत आम्ही त्याच रंगाची अंडी वेगळी भरतो: स्टिकर, खोडरबर, छोट्या शिट्ट्या, तात्पुरते टॅटू. ज्या मुलाला हवं ते उचलतं, अ‍ॅलर्जी असो नसो. एक लक्षात ठेवा, प्ले-डोमध्ये (आकार करून खेळायचा रंगीत मऊ गोळा) गहू असतो, गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला ते देऊ नका.

ओहायो, मुलांच्या वॉर्डात नर्स आहे

छोट्यांच्या बास्केटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय, वाचाच प्लीज. चार वर्षांखालच्या मुलाला जेलीबीन (घेवड्याच्या बीएवढ्या चिवट साखरगोळ्या), कडक गोळ्या, अख्खे नट्स, पॉपकॉर्न, मार्शमेलो काहीच नको, आणि कँडीच्या जागी अख्खी द्राक्षं दिलीत तर तो ‘हेल्दी’ पर्याय घशात अडकायला जास्त वाईट. द्राक्षं उभी चार भागांत चिरायची. कच्चं गाजर कडक असतं, तेही तसंच नको. वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काहीही नको. खेळण्यांसाठी सोपी कसोटी: टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात द्यायची नाही.

पाण्यात टाकली की फुगणारी रंगीत मणी-अंडी अजिबात आणू नका, ती गिळली की पोटात जाऊन फुगतात आणि आतडं बंद होतं. लुकलुकणारं काही आणलंत तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद आहे का ते बघा, बटन बॅटरी अन्ननलिकेत अडकली की दोन तासांतही जबर भाजतं. आणि घरात मांजर असेल तर बास्केटमध्ये पसरतात ते प्लास्टिकचं चमकीचं गवत नको, मांजरं ते खातात. लिलीची फुलं तर मांजराला विषच. कुत्रा असेल तर चॉकलेट, मनुका, द्राक्षं आणि झायलिटॉलवाली (साखरेऐवजी घालतात ते) शुगरफ्री गोळी, चारही उंचावर ठेवा. मी माझ्या दीड वर्षाच्या भाच्याला जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, एक मऊ चेंडू आणि मोज्यांची जोडी दिली, बास्केटमधलं त्याला सगळ्यात जास्त काय आवडलं तर बास्केट.

शिकागो, मूळची वसईची

आमच्याकडे ईस्टर म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, त्यामुळे कँडीवरून एवढी चर्चा वाचून बरं वाटलं, कारण मला मनापासून वाटतं की ते गोड बाजूला केलं की सण दिसायला लागतो. आमच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या मंडळीत) पोलिश कुटुंबं खूप आहेत. ते ईस्टरच्या आदल्या शनिवारी बास्केट घेऊन चर्चमध्ये येतात आणि फादर तिच्यावर आशीर्वाद देतात. आत काय असतं? उकडलेली रंगवलेली अंडी, ब्रेड, मीठ, सॉसेज, हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ), आणि लोण्याचं केलेलं छोटं कोकरू. वरती स्वच्छ भरतकाम केलेलं कापड. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं घर त्यातलंच खाऊन उपास सोडतं. मुलं ती बास्केट हातात धरून इतकी ऐटीत उभी असतात! माझ्या मुलीनेच मागितली आम्हाला पण अशी हवी म्हणून, आता आम्ही पण भरतो, तिने स्वतः मळलेला छोटा पाव त्यात असतो.

तसं अमेरिकेत ससा आणला तो पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मन लोकांनी, अठराव्या शतकात. मुलं आपल्या टोप्यांची घरटी करून ठेवायची आणि ससा त्यात रंगीत अंडी ठेवून जायचा.

बे एरिया, लेकीकडे आलेली आजी

माझा टायपिंगचा वेग कमी आहे, नातू मदत करतोय. आम्ही दोघं अंडी रंगवतो स्वयंपाकघरातल्या जिनसांनी. हळदीच्या पाण्यात पिवळी, कांद्याच्या सालांत विटकरी, बिटात गुलाबी, आणि लाल कोबी उकळून त्यात चमचाभर व्हिनेगर घातलं की अंडी निळी होतात, हे बघून मीच थक्क झाले, जांभळ्या पाण्यातून निळं अंडं निघतं! रात्रभर फ्रिजमध्ये त्याच पाण्यात ठेवली तर रंग गडद येतो. रबरबँड लावून बुडवली की पट्टे उमटतात, कोथिंबिरीचं पान चिकटवून वर जुना पायमोजा घट्ट बांधला की पानाची नक्षी उठते. ती खायची असतील तर दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायची नाहीत आणि आठवड्याच्या आत संपवायची. म्हणून लपवायला प्लास्टिकची आणि खायला ही. नंतर अंडा करी होते, नातू आपलं रंगवलेलं अंडं कोणतं ते ओळखून घेतो.

अटलांटा, बाबा

लेकीला टाइप १ डायबेटिस. लोकांना वाटतं तिला कँडी पूर्ण बंद असेल, तसं नाहीये, कार्ब (कर्बोदकं) मोजून इन्सुलिन घेतलं की ती खाऊ शकते. त्रास असतो तो न मोजता येणाऱ्या सुट्या कँडीचा. आणि हंटमध्ये ती एवढी धावते की शुगर उलट खाली येते, म्हणून माझ्या खिशात ज्यूसचा छोटा पॅक असतोच. जी जेलीबीन्स येतात ती आम्ही फेकत नाही, शुगर खाली गेली की १५ ग्रॅम कार्ब लागतात त्यासाठी मोजून छोट्या पिशव्या करून ठेवतो, तिचं तीच मोजते.

तिच्या अंड्यांत मी चिठ्ठ्या घालतो. ‘आज झोपायची वेळ अर्धा तास उशिरा’, ‘शुक्रवारचं जेवण तू ठरव’, ‘बाबासोबत तंबू बॅकयार्डमध्ये’, ‘एक दिवस भांडी नाही’. पैसे शून्य आणि चिठ्ठ्या ती जपून ठेवते, बरोबर मोक्याच्या वेळी काढते. फक्त चिठ्ठीत लिहिलेलं पाळायचं, त्याच आठवड्यात ती मागणार हे धरून चाला.

व्हर्जिनिया

लाकडी अंड्यांचा विचार करा. व्हाइट हाऊसचा एग रोल (हिरवळीवर अंडी गडगडवायचा मुलांचा खेळ) १८७८ पासून चालतो, आणि तिथे १९८१ पासून मुलांना लाकडी अंडं आठवण म्हणून देतात. तिथूनच आम्हाला सुचलं, साधी न रंगवलेली लाकडी अंडी क्राफ्टच्या दुकानात मिळतात, दर वर्षी दोन्ही मुलं एकेक रंगवतात आणि खाली वर्ष लिहितात. तीच लपवतो. टीनएजर झालेला थोरला अजून रंगवतो, त्याच्या बास्केटमध्ये मात्र मोजे, चांगलं पेन आणि क्लाइंबिंग जिमचा पास, एवढंच, त्याला जास्त सामान नकोच असतं.

मिनेसोटा

इथे काही घरांत मुलांना जेलीबीन पेरायला लावतात आणि रात्रीत तिथे लॉलीपॉप ‘उगवलेले’ दाखवतात. आम्ही खऱ्या बिया देतो. एका अंड्यात घेवड्याच्या, एकात मुळ्याच्या, एकात सूर्यफुलाच्या, सोबत एक छोटं खुरपं आणि तिच्या मापाचे हातमोजे. एप्रिलच्या सुरुवातीला आमच्याकडे जमीन थंडगार असते, तेव्हा घेवडा कागदी कपात घरात खिडकीशी लावतो, आठ-दहा दिवसांत कोंब वर येतो. मुळा थंडी सोसतो, बर्फ गेलं आणि माती हाताला मोकळी लागली की बाहेर पेरायचा, साधारण महिन्याभरात खायला तयार. माझी मुलगी एरवी मुळ्याला हात लावत नाही, स्वतःचा उपटलेला मात्र मीठ लावून कराकरा खाल्ला आणि शेजारच्यांना पण नेऊन दिला.

ज्यांना बिया हव्यात त्यांनी पाकिटामागे किती दिवसांत तयार होतं ते वाचून घ्या, लहान मुलांना दोन महिने थांबवत नाही. घेवडा आदल्या रात्री भिजवायचा असेल तर जास्त नको, सकाळपर्यंत पुरे, नाहीतर बी कुजतं.