४ जीबीच्या कार्डावर स्कायरिमला किती नटवायचं?

पायवाट (धागाकर्ता)

आधी मशीन सांगतो. प्रोसेसर आय३ १०१००एफ, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० ४ जीबीवालं, १६ जीबी रॅम, स्क्रीन १०८०पी. गेम स्कायरिम स्पेशल एडिशन, २०१६ वाली. गेल्या महिन्यात हौसेने ४के टेक्स्चरचा (वस्तूंवर चढवायच्या चित्रांचा) मोठा पॅक टाकला, वर ईएनबी (उजेड-सावल्या सुंदर करणारा मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घातलेली भर) चढवलं, आणि गेममधल्या फॉल्करीथच्या जंगलात पाऊस लागला की गेम गचके खायला लागला. कोपऱ्यातला आकडा सेकंदाला ४० फ्रेमच्या (चित्रांच्या) आसपास दाखवतोय पण मान वळवली की चित्र अर्धा सेकंद थिजतं आणि तेवढ्यात लांडगा अंगावर.

आठवडाभर सेटिंग खालीवर केली, काही फरक नाही. मग आफ्टरबर्नर (कार्डावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) लावला तर व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, काठोकाठ भरलेली. हिशोब बघा ना, ४के टेक्स्चर म्हणजे ४०९६ बाय ४०९६, १ कोटी ६७ लाख पिक्सेल, आणि आपल्या आख्ख्या स्क्रीनवर मिळून २० लाख ७३ हजार. एका दगडाचं कातडं स्क्रीनच्या आठपट! बीसी७ या फॉरमॅटमध्ये दाबलं तरी मिपमॅपसकट (लांबून दिसण्यासाठीच्या लहान प्रतींसकट) २१ एमबी, नॉर्मल मॅपही (खाचखळगे दाखवणारं जोडीचं चित्र) तेवढाच असेल तर अजून २१. तेच १के ला (१०२४ बाय १०२४) दीड एमबीसुद्धा लागत नाही. कार्डातली जागा संपली की ड्रायव्हर माल साध्या रॅममध्ये ठेवतो आणि लागेल तेव्हा स्लॉटमधून ओढून आणतो, गचका तिथे बसतो.

म्हणून माझं ठाम मत, ४ जीबीवर ४के एकही नको. डोंगर, जमीन, भांडीकुंडी १के, चेहरे आणि चिलखत २के कारण सतत डोळ्यासमोर तेच असतं. कॅथेड्रल अ‍ॅसेट्स ऑप्टिमायझर या टूलने सगळी टेक्स्चर लहान केली (आधी कॉपी काढून ठेवा), ईएनबी काढून कम्युनिटी शेडर्स हा उजेडाचाच दुसरा मॉड टाकला, आणि आता त्याच जंगलात त्याच पावसात ५० च्या खाली येत नाही. पण मॉड सोडायचे नाहीत. बजेट मशीनवाल्याने साधंच खेळावं हे मला मान्य नाही.

कोरा_कागद

मला नेमकं तेच मान्य आहे. दोन वर्षं मी मॉड लावत होतो, गेम खेळलोच नाही राव. एक टाकायचा, क्रॅश, लोड ऑर्डर (मॉड चढण्याचा क्रम) बदल, परत क्रॅश, रात्रीचे दोन. शेवटी सगळं उडवून नुसती मूळ गेम टाकली, ६० ला घट्ट बसली, आणि पहिल्यांदा मुख्य कथा संपवली. ढाल वेळेवर वर करायची तर हात आणि चित्र एकत्र चालायला हवं, झाडाची साल कितीही सुंदर असली तरी मार खाताना ती दिसत नाही. हलकं मशीन असेल तर गेम बनवणाऱ्यांनी जशी दिली तशी खेळा.

दिवेलागण

दोघांशीही असहमत. ६० चा हट्ट कशाला? २०११ साली हीच गेम एक्सबॉक्स ३६० आणि पीएस३ वर ३० फ्रेमवर होती, लोकांनी शेकडो तास घातले. मी १६५० वरच ईएनबी चालवते. शिफ्ट एंटर दाबून त्याची खिडकी उघडायची, डेप्थ ऑफ फील्ड (लांबचं धूसर करणं) आणि अँबियंट ऑक्लूजन (कोपऱ्यांतल्या बारीक सावल्या) बंद, आणि फ्रेम ३० ला बांधून टाकायची. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर ३० म्हणजे प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसतं, हालचाल एकसारखी राहते. ४५ ला सोडलं की दोन चित्रं एकेकदा, तिसरं दोनदा, डोळ्याला टोचतं. सॉलिट्यूडच्या कमानीखाली संध्याकाळी उभी राहिले की दगडावर जो तांबूस उजेड पडतो त्याच्यासाठी मी उरलेल्या ३० फ्रेम आनंदाने देते. ४के नको हे मात्र पायवाट यांचं शंभर टक्के खरं.

पायवाट

@दिवेलागण ताई, उजेडाचं पटतं, पण ३० वर माऊस जड लागतो आणि मी धनुष्यवाला आहे, नेम चुकतो.

@कोरा_कागद, क्रॅश होतात कारण आपण एकदम चाळीस मॉड टाकतो. मी एक टाकतो, तीच सेव्ह उघडतो, कन्सोलमधून (गेममधली कमांड लिहायची खिडकी) गेममध्ये सकाळचे १० वाजवतो, रिव्हरवूडच्या पुलावरून गावभर एक चक्कर मारतो, व्हीरॅम वहीत लिहितो, मग दुसरा. गवताचा मॉड सगळ्यात महाग पडला! गेमच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये गवताची किमान साइझ मुळात २० असते, ती ६० केली, गवत विरळ झालं पण फ्रेम परत आल्या.

वऱ्हाडी_गडी

मित्रांनो एवढ्या मेहनतीपेक्षा सेकंडहँड ८ जीबीचं आरएक्स ५८० कार्ड घ्या ना. व्हीरॅमचं रडगाणंच संपतं.

कोरा_कागद

घ्या म्हणणं सोपं आहे भाऊ. १६५० ला ७५ वॅट पुरतात, बऱ्याच मॉडेलला वेगळी वायर पण लागत नाही. ५८० ला १८५ वॅट आणि वेगळी पॉवर केबल. आमच्यासारख्यांची ऑफिसातून निघालेली जुनी डब्बा मशीन, त्यातला एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ते ओढणार नाही, मग एसएमपीएस पण नवा आला. मी असंच एका दुकानातून जुनं कार्ड आणलं होतं, क्रिप्टो मायनिंगला वापरलेलं निघालं, चार महिन्यांत पडद्यावर रंगीत चौकोन. पैसे गेले ते गेलेच.

वऱ्हाडी_गडी

एसएमपीएसचं बरोबर आहे, ते मी बोललो नाही. पण मग उन्हाचं पण धरा की. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी खोलीच तापलेली असते, कार्ड ८० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि स्वतःच वेग कमी करतं, मग सकाळी वहीत लिहिलेले आकडे दुपारी खोटे. मी उन्हाळ्यात फ्रेम ४० ला बांधतो आणि शॅडो डिस्टन्स (किती लांबच्या सावल्या दिसाव्यात ते) खाली ओढतो.

दिवेलागण

६० हर्ट्झवर ४० सुद्धा टोचणारच, सरळ ३० करा. आणि पायवाट, तुमच्या त्या १के वाल्या डोंगराचा आणि २के वाल्याचा एकाच जागेवरून काढलेला स्क्रीनशॉट टाका. मला वाटतं व्हाइटरनच्या तटावरून पाहिलं तर फरक दिसतो, आणि दिसत असेल तर मी डोंगर २के च ठेवणार.

पायवाट

रात्री टाकतो. सकाळी १० वाजताचा, ढग नसलेला.