हरल्यानंतर रेफ्रीच्या नावाने घातलेला गोंधळ : आपापले अनुभव लिहा

लेफ्टबॅक (धागाकर्ता)

परवा ती कतारची क्लिप परत समोर आली आणि परत डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ११ जून २०२४, दोहा, भारत-कतार फुटबॉल, वर्ल्डकप क्वालिफायर. सुनील छेत्री पाचच दिवसांपूर्वी कोलकात्यात निरोपाची मॅच खेळून निवृत्त झालेला, ३७व्या मिनिटाला ब्रँडनच्या पासवर छांगतेने गोल टाकला, आपण १-० ने पुढे. जिंकलो तर कधी नव्हे ते तिसऱ्या राउंडला. ७३व्या मिनिटाला कतारच्या फ्रीकिकवर हेडर आला, आपल्या गोलकीपर गुरप्रीतने अडवला, बॉल त्याच्याजवळून सरकत गोललाईनच्या बाहेर गेला, आपली पोरं आता कॉर्नर म्हणून थांबली, आणि त्यांच्या एकाने तो बाहेर गेलेला बॉल पायाने आत ओढला आणि दुसऱ्याने जाळ्यात घातला. कोरियन रेफ्रीने गोल दिला! व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणं) नव्हतंच. मग ८५व्या मिनिटाला अजून एक, २-१, विषय संपला.

आमच्या घरी टीव्हीवर सासरे पाकिस्तान-कॅनडा टी-ट्वेंटी लावून बसलेले, त्यामुळे मी कोपऱ्यात मोबाईलवर. तो गोल झाल्यावर मी उठून ओरडले, आऊट! आऊट होता! सासरे टीव्हीकडे बघून म्हणाले, कोण, बाबर? 🤦

खरी मारामारी नंतर ग्रुपवर झाली. आमचा टर्फवरचा ग्रुप आहे, चौदा जण, रात्री तीनपर्यंत स्क्रीनशॉटवर लाल गोल काढून पाठवणं चालू होतं. तेवढ्यात एकाने लिहिलं की मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून २-१ हरलो तेव्हा कुठे होता तुमचा कोरियन? झालं. वाक्य खोटं नव्हतं म्हणूनच जास्त लागलं. मी त्याला ग्रुपमधून काढलं (ॲडमिन मी), दोन दिवसांनी परत घेतलं, पण तो चार महिने खेळायला आला नाही आणि राईटबॅकला माणूस नव्हता.

तर सांगा. क्लब, देश, गल्ली, शाळा, काहीही चालेल. नियम एकच, इथे परत निकाल लावत बसू नका. (बसणार आहात हे माहीत आहे.)

दोहाकर

मी त्या दिवशी स्टेडियममध्ये होतो. आणि खरं सांगतो, आम्हाला कोणाला काही कळलंच नाही. आम्ही बसलेलो दुसऱ्या टोकाला, तिकडच्या गोलसमोर नुसती गर्दी दिसली, गुरप्रीत खाली पडलेला, मग त्यांची पोरं पळत सुटली आणि आपली रेफ्रीभोवती. पुढे बसलेला एक केरळी म्हणाला हँडबॉल असेल. कोण म्हणे ऑफसाईड, म्हणजे पास दिला तेव्हा त्यांचा माणूस आपल्या बचावफळीच्या पलीकडे उभा होता.

मग खिशात फोन थरथरायला लागला. साताऱ्याहून आई. फुटबॉलचा तिचा काही संबंध नाही, मी दिसतो का बघायला लावली होती मॅच. मेसेज काय, तर "बॉल बाहेर गेला होता रे, अन्याय आहे हा". म्हणजे मैदानात बसून मला जे दिसलं नाही ते साताऱ्यात आईला दिसलं. मी आजूबाजूच्यांना तो मेसेज भाषांतर करून सांगितला आणि पाच मिनिटांत आमचा अख्खा ब्लॉक "आईने बघितलंय" या पुराव्यावर बोंबलत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक कतारी सहकारी आपणहून येऊन म्हणाला, बॉल बाहेर होता. मग म्हणाला, तुमचा दुसरा गोल का नाही झाला पण? मी चहा प्यायला निघून गेलो.

लाल_सदरा

लिव्हरपूलवाला आहे, पुण्यात असतो. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम. आमच्या लुईस डियाझचा स्वच्छ गोल, लाईनमनने ऑफसाईडचा झेंडा वर केला, व्हीएआरवाल्याने बघितलं, ऑनसाईड दिसला, पण त्याला वाटलं मैदानावर गोलच दिलेला आहे, म्हणून म्हणाला "चेक कम्प्लीट" आणि खेळ सुरू पण झाला. चूक लक्षात आली तोपर्यंत थांबवता येईना. आमचे दोन जण लाल कार्ड खाऊन बाहेर, ९६व्या मिनिटाला आमच्याच मातिपने आमच्याच गोलमध्ये बॉल घातला. नंतर ती ऑडिओ पण बाहेर आली, ती ऐकून तर अजूनच चीड आली, कारण कोणी लबाडी केलेली नाही, नुसता गोंधळ आहे, आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये असतो तसा.

तेव्हापासून आमच्या घरात हा वाक्प्रचार झालाय. बायको विचारते गॅस बंद केलास? मी म्हणतो चेक कम्प्लीट. मग ती स्वतः जाऊन बघून येते.

पेठेतला

आमच्या कोल्हापुरात रेफ्रीवरनं भांडण झालं न्हाई अशी फायनल मी तरी बघितली न्हाई. बाहेरच्यांना सांगून पटत न्हाई पण शाहू स्टेडियमवर तालमीची (म्हणजे पेठेच्या फुटबॉल टीमची) मॅच म्हणजे सगळी पेठ उठून येते, म्हातारी माणसं सुद्धा, आणि कोण कुठल्या गॅलरीत बसणार ते ठरलेलं असतंय. तालमीचं नाव घेत न्हाई, उगंच नको ते.

२०१६ ची गोष्ट. १-१ चालू, शेवटची धा मिनिटं. त्यांच्या हाफमधनं लांब बॉल आला, आमच्या स्टॉपरनं (मधल्या डिफेंडरनं) हेड मारला पण तो पुढं जायच्या ऐवजी मागं गेला, आणि मागं त्यांचा फॉरवर्ड एकटा उभा, चांगला दोन-तीन हात ऑफसाईड. लाईनमन झेंडा खाली धरून नुसता बघायलाय. गोल. आम्ही हरलो. पुढचं सांगत न्हाई, पोलीस आलते एवढंच.

त्या रात्री कट्ट्यावर दोन वाजेपर्यंत पंचनामा. फरशीवर चहाचे ग्लास मांडलेले, हा आपला स्टॉपर, हा त्यांचा फॉरवर्ड, ही बिस्किटं म्हणजे लाईन. एकानं गॅलरीतनं मोबाईलवर व्हिडिओ काढलेला, त्यात निम्मा वेळ पुढच्या माणसाचं टक्कल. तरी तो व्हिडिओ आम्ही शंभर वेळा तरी बघितला असंल, थांबवून थांबवून. आबा म्हणून आमचे एक जुने खेळाडू, ते एका कडेला बसून एवढंच म्हणाले, पहिल्या हाफात तीन मोकळे चान्स घालवलेत ते मांडा की ग्लासात. कुणी ऐकतंय होय.

आज सुद्धा त्या लाईनमनला पेठेत नावानं कोण हाक मारत न्हाई, "झेंडा" म्हणत्यात. आणि तो स्टॉपर म्हणजे माझा थोरला भाऊ.

चाळकरी

१९८६ च्या वर्ल्डकपचा, इंग्लंड-अर्जेंटिना मॅचचा किस्सा, माझ्या वडिलांचा. ते गोदीत होते, इंग्लिश जहाजांवरच्या खलाशांबरोबर दुपारच्या सुट्टीत खेळायचे, त्यामुळे कट्टर इंग्लंडवाले. अख्खी चाळ मॅराडोनाकडे आणि हे एकटे. दूरदर्शनवर रात्री साडेअकराला मॅच सुरू, शेजारच्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर तीस माणसं, मी पुढे जमिनीवर.

मॅराडोनाने हाताने टाकला तो गोल झाला, ट्युनिशियाच्या रेफ्रीने दिला, आणि बाबा उठले. "हात होता. याला खेळ म्हणत नाहीत." चप्पल घातली आणि बाहेर गॅलरीत बिडी ओढायला. चारच मिनिटांनी आत असा आरडाओरडा झाला की खालच्या मजल्यावरचे उठले. तो दुसरा गोल, अर्ध्या मैदानातून सगळ्यांना चकवत नेलेला. बाबांनी तो लाईव्ह बघितलाच नाही. पुढे आयुष्यभर कोणी त्या गोलचं कौतुक करायला लागलं की म्हणायचे, मी बाहेर होतो, मला माहीत नाही.

नऊ_नंबर

छोटासाच. बेंगळुरूला रूममेट केरळचा. ३ मार्च २०२३, केरळा ब्लास्टर्सविरुद्ध बेंगळुरू, एक्स्ट्रा टाईम, हे लोक भिंत लावतायत आणि छेत्रीने फ्रीकिक मारून पण टाकली. गोल दिला. कोचने सगळी टीम मैदानाबाहेर नेली, तसा हा पण जेवणाचं ताट उचलून खोलीबाहेर गेला. ब्लास्टर्सला नंतर चार कोटींचा दंड झाला, याला मी त्या रात्रीची भांडी लावली.

शिट्टीवाला

धागा वाचतोय आणि हसू येतंय, कारण मी पलीकडचा. अकरा वर्षं जिल्हा पातळीवर पंचगिरी केली, गुडघा गेला म्हणून सोडली.

माझी एक चूक सांगतो, गाव सांगत नाही. पेनल्टी दिली, डिफेंडरने पाय घातला असं मला दिसलं. माझ्या आणि त्यांच्या मध्ये एक खेळाडू आडवा आला होता, म्हणजे मी पाय बघितला नव्हता, पडणं बघितलं होतं, आणि पाय मनाने जोडला. शिट्टी वाजवल्याच्या पुढच्याच सेकंदाला पोटात कळतं. ज्याच्यावर पेनल्टी दिली तो मुलगा ओरडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला, ते ओरडणाऱ्यांपेक्षा वाईट. खेळ परत सुरू व्हायच्या आधी निर्णय बदलता येतो, नियमात आहे. पण समोर एवढी माणसं आणि लाईनमन पण खात्रीने सांगेना. नाही बदलला. पुढच्या रविवारी त्याच मैदानाशेजारच्या टपरीवर गेलो तर चहावाला म्हणाला, दूध संपलं. मागे पातेलं उकळत होतं.

बाकी ते बाहेर-आत प्रकरण. बॉल पूर्णच्या पूर्ण लाईनीपलीकडे गेला तरच बाहेर, जमिनीवर असो की हवेत. २०२२ च्या वर्ल्डकपला जपानने स्पेनविरुद्ध तो बॉल आत आणून गोल टाकला तेव्हा टीव्हीवर बाजूने बघणाऱ्या प्रत्येकाला बाहेर दिसला आणि वरून बघितल्यावर किंचित आत होता. त्याच गटातली जर्मनी त्यावर घरी गेली. कतारचा मात्र कुठूनही बघा, बाहेरच होता. त्यात माझं दुमत नाही.

@पेठेतला, एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या स्टॉपरने हेड मारला तेव्हा बॉल त्याला नुसता लागला होता की त्याने ठरवून मारला?

पेठेतला

लागतोय कशाला! लांबनं येत होता बॉल, दादा चांगला चार पावलं मागं जाऊन, नजर ठेवून, उडी मारून मारला की. नेम चुकला तेवढाच.

शिट्टीवाला

मग ऑफसाईड नाही. डिफेंडरने जाणूनबुजून खेळलेल्या बॉलवर ऑफसाईड धरत नाहीत, मागे कोणी उभा असला तरी. गोलमध्ये जाणारा बॉल अडवण्यासाठी हेड मारला असता तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही सांगताय त्यावरून तो क्लिअर करायला गेला होता. झेंडा खाली ठेवला ते बरोबर होतं.

पेठेतला

थांबा जरा.

म्हणजे झेंडा बरोबर होता?

दादा आत्ता खाली कट्ट्यावरच बसलाय. कालच नवीन पोरांना ग्लास मांडून दाखवत होता.

लेफ्टबॅक (धागाकर्ता)

सांगू नका.