"अंधार हवा असेल तर रानात जा" – याला उत्तर

जागती खिडकी:
काल सोसायटीतल्याच एकांनी लिहिलं, "चांदण्या बघायच्यात त्यांनी रानात जावं. वस्तीत उजेड म्हणजे सुरक्षितता. त्रास होत असेल तर जाड पडदे लावा." तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते.

चांदण्यांचं दुःख आहेच. सप्तर्षीतल्या वसिष्ठाशेजारची अरुंधती माझ्या मुलीला गच्चीवरून दाखवता येत नाही. पण माझं पहिलं भांडण झोपेसाठी आहे. समोरचा फ्लडलाइट आडवा लावलाय. त्याचा झोत जमिनीवर कमी आणि मुलीच्या पलंगावर जास्त पडतो. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड पाव लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास असतो, आणि तिच्या उशीशी रात्री दोन वाजता पुस्तक वाचता येतं! पडदे लावले की वारा बंद. दिवा तुमचा, मग घुसमट आमची का? कुणी सांडपाणी शेजाऱ्याच्या दारात सोडलं, तर शेजाऱ्यालाच दार लावून घ्यायला सांगतो का आपण?

दिवे विझवा असं कुणीच म्हणत नाहीये. वरून झाकलेला दिवा, झोत खाली, रंग पिवळसर, मध्यरात्रीनंतर मंद. रस्त्यावरचे एलईडी ३००० केल्विन किंवा त्याहून कमी (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) आणि नीट झाकलेले असावेत, असं अमेरिकन मेडिकल असोसिएशननं २०१६ साली सांगितलंय. दिवस-रात्र ओळखणाऱ्या डोळ्यातल्या पेशी निळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतात, आणि पांढऱ्याशुभ्र एलईडीत निळा भाग भरपूर असतो.

कोपऱ्यावरचं घर:
ते वाक्य माझं आणि तो फ्लडलाइटही माझाच. दोन्ही मागे घेत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या स्कूटरची बॅटरी चोरीला गेली. कोपऱ्यावरचा दिवा आठवडाभर बंद होता, तक्रारी करून दमलो. शेवटी स्वतःच्या खर्चानं दिवा लावला, तेव्हापासून एक चोरी नाही. अभ्यासच हवा असेल तर न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींत जादा उजेडाचे मनोरे उभे करून रीतसर प्रयोग झाला. रात्रीचे बाहेरचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले.

जागती खिडकी:
त्या वसाहतींत गुन्हे जास्त होते, म्हणूनच त्या निवडल्या होत्या. इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ पालिकांचा अभ्यास २०१५ साली आला. तिथे काही ठिकाणी मध्यरात्रीनंतर रस्त्यावरचे दिवे बंद केले होते, काही ठिकाणी मंद. गुन्हे किंवा अपघात त्यामुळे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

रात्रपाळी:
मी रात्री एक वाजता घरी येते. शेवटच्या वळणावर किल्ली मुठीत धरून चालते. 'मध्यरात्रीनंतर मंद' हे तुम्ही पलंगावरून लिहिताय, ताई. ६२ पालिका माझ्यासोबत त्या वळणावर चालत नाहीत. माझ्या भीतीला आकडेवारी सांगू नका.

जागती खिडकी:
आणि माझ्या मुलीची झोप मोडली तर चालेल? तिची सकाळी परीक्षा असते तेव्हा कुणाला काळजी असते?

जुना वायरमन:
दोघी थांबा. तीस वर्षं दिवे लावलेत, म्हणून बोलतो. त्या वळणावर उजेड कमी नाही, चुकीचा आहे. समोरून डोळ्यांत झोत आला की बाहुली आकसते आणि दिव्याखालच्या सावलीत कोण उभं आहे ते दिसत नाही. माझी आई अशाच झगझगाटात पायरी चुकून पडली, मांडीचं हाड मोडलं. पायरीवर दिवा होता, भरपूर होता, पण तो तोंडावर होता. वयस्कर डोळ्यांत उजेड जास्त विखुरतो, म्हणून झगझगाट त्यांना जास्त छळतो. आताच्या निम्म्या वॅटचा दिवा झाकून खाली वळवला तर जमिनीवर तेवढंच दिसेल.

कोपऱ्यावरचं घर:
आणि कॅमेरा? त्याला उजेड लागतो.

जुना वायरमन:
तुमच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकणारा दिवा आहे, मीच बसवलाय तो. काळ्याकुट्ट अंधारातही चित्र येतं.

कोपऱ्यावरचं घर:
काळं-पांढरं येतं, काका! बॅटरी चोरणाऱ्याचा शर्ट कुठल्या रंगाचा ते पोलिसांना सांगता आलं नाही. वर त्या इन्फ्रारेडपुढे कोळी जाळं विणतो, जाळं चमकतं आणि रात्रभर फक्त पांढरा धूर दिसतो. आठवड्यातून दोनदा झाडूनं पुसतो मी.

तिसरा मजला:
कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे तर विचारते. तो नेमका कुठे बघतो? माझी अख्खी गॅलरी त्यात येते. मी कपडे वाळत घालते, केस पुसत उभी राहते, ते सगळं तुमच्या मोबाईलवर साठतंय. सहा महिने सांगतेय.

कोपऱ्यावरचं घर:
कोपरा दिसायचा तर थोडी गॅलरी येणारच. मी बघत बसत नाही.

तिसरा मजला:
बघता की नाही हा प्रश्नच नाही. तुम्हाला बघता येतं, हे मला नकोय. तुमच्या बॅटरीच्या राखणीपायी आमचा आडोसा गेला.

रात्रपाळी:
मागच्या पावसाळ्यात माझ्या मागे एक माणूस दोन गल्ल्या चालत आला. तेव्हा याच कॅमेऱ्याचं चित्र दाखवून तक्रार नोंदवता आली. कॅमेरा काढा असं म्हणणार असाल तर मी विरोध करणार.

तिसरा मजला:
काढा नाही, वळवा म्हणतेय! माझं अर्धवट का वाचता?

जुना वायरमन:
गॅलरीचा भाग सेटिंगमध्ये काळा करता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. हे मला आधी कुणी विचारलं असतं तर सहा महिने भांडण झालं नसतं.

कोपऱ्यावरचं घर:
ते मला माहीत नव्हतं. करून घेऊ. तिसऱ्या मजल्याला आधी नीट ऐकायला हवं होतं, हे मान्य.

दिव्याबद्दल मत बदललेलं नाही. पण रविवारी रात्री काकांनी यावं, झोत खाली वळवून बघू. वळणावर उभ्या माणसाचा चेहरा आणि शर्टाचा रंग कॅमेऱ्यात दिसला तर तसाच ठेवीन. नाही दिसला तर पुन्हा होता तसा.

रात्रपाळी:
वळणावर मी उभी राहते. मला स्वतःला काय दिसतं तेही मोजलं जावं, फक्त कॅमेऱ्याला काय दिसतं ते नव्हे. आणि मंद करण्याचं त्या रात्री कुणी काढू नका.

जागती खिडकी:
मंद करण्याचा मुद्दा मी सोडलेला नाही, पण रविवारी काढत नाही. पिवळा बल्ब मी आणते. खिडकी उघडी ठेवून मुलीच्या पलंगावर बसेन आणि तिथून फोन करेन.