मदत हवी आहे: बदललेल्या खिडक्यांचं सर्टिफिकेट नाही (इंग्लंड)

नमस्कार मंडळी. रेडिंगला घर घेतोय, सगळं ठरत आलं होतं आणि आमच्या सॉलिसिटरने पाचर मारली. आधीच्या मालकांनी 2016 मध्ये खिडक्या आणि मागचं पॅटिओ डोअर बदललं, पण फेन्साचं (खिडक्या बसवणाऱ्यांची नोंदणी योजना, काम नियमाप्रमाणे झाल्याचा दाखला देते) सर्टिफिकेट नाही आणि कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलचंही (बांधकामाचे नियम पाळले का ते तपासणारा विभाग) नाही. एप्रिल 2002 नंतरच्या अशा कामाला यातलं काहीतरी लागतं. फेन्सा आणि सर्टास (तशीच दुसरी योजना) दोन्हीकडे पत्ता टाकून पाहिलं, नोंद नाही. बसवणारी कंपनी बंद पडली म्हणे.

घर विकणारे मालक इन्डेम्निटी पॉलिसी (अशा त्रुटीसाठीचा विमा) काढून देतो म्हणतात. स्वस्तात काम होईल, पण ती कौन्सिलच्या कारवाईपुरती. पॅटिओ डोअरची काच थेट जमिनीपर्यंत आहे, सेफ्टी ग्लासची खूण कुठेच दिसत नाही, आणि आमचं पोर रांगतंय! दुसरा मार्ग रेग्युलरायझेशनचा, म्हणजे झालेलं काम कौन्सिलकडून मागाहून तपासून मंजूर करून घेण्याचा. पण कौन्सिलला एकदा विचारलं की पॉलिसी मिळणं मुश्कील.

कुणी रेग्युलरायझेशन केलंय का? इन्स्पेक्टर 2016 चे नियम लावतो की आताचे? ट्रिकल व्हेंट (खिडकीच्या चौकटीतली हवा येण्याची छोटी फट) नसतील तर अडतं का? की सरळ दाराची काच बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागू?